चमकावं कधी, विझावं कधी: जिवंत पेशी दाखवणारे रंगरेणू

पहिल्यांदा जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्याचा बहुतेक वेळा हिरमोड होतो. पुस्तकातल्या आकृतीत केंद्रक जांभळं असतं, तंतुकणिका लाल असतात, प्रत्येक भागाला बाण आणि नाव असतं. समोर मात्र एक फिकट, जवळपास पारदर्शक आकार दिसतो. कडा अंदाजाने कळते, मधला केंद्रकाचा गोल ओळखू येतो, बाकी सगळं एकमेकांत मिसळलेलं. कारण साधं आहे. पेशीत बहुतांश पाणी असतं, आणि उरलेल्या भागांपैकी जवळजवळ कोणीच दृश्य प्रकाश शोषून घेत नाही. प्रकाश आरपार निघून जातो, म्हणून दिसण्यासारखं फारसं काही उरत नाही.

जुना उपाय म्हणजे पेशी रंगवणं. पण त्या पद्धतीत पेशी आधी फॉर्मलिनसारख्या रसायनाने जागच्या जागी गोठवतात, म्हणजे मारतात, आणि मग रंग देतात. रचना उत्तम दिसते, हालचाल संपलेली असते. आणि पेशीबद्दलचे खरे प्रश्न तर हालचालीचेच असतात. संदेश आल्यावर आत काय बदलतं? तंतुकणिका ऊर्जा तयार करणं कधी थांबवतात? एखादं प्रथिन केंद्रकात जातं की बाहेरच राहतं? ही उत्तरं पेशी जिवंत असतानाच मिळू शकतात, आणि त्यासाठी तिच्या आत असा हेर पाठवावा लागतो जो तिला न दुखावता एकच गोष्ट पाहील आणि प्रकाशाच्या भाषेत कळवेल. फ्लुओरेसंट रंगरेणू हे काम करतात.

या रेणूंबद्दल बोलताना सगळा भर चमकेवर असतो: किती तेजस्वी, कोणत्या रंगाचा. मला मात्र वाटतं की यातली खरी कारागिरी अंधाराची आहे. नको तिथे आणि नको तेव्हा न चमकणं हे चमकण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे, आणि गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतल्या जवळपास प्रत्येक मोठ्या सुधारणेच्या मुळाशी तेच सापडतं.

प्रकाश घ्यायचा आणि परत द्यायचा

काही रेणूंमध्ये कार्बनच्या कड्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांच्यात एकेरी-दुहेरी बंध आलटून पालटून येतात. अशा रेणूतले काही इलेक्ट्रॉन एखाद-दुसऱ्या अणूपुरते बांधलेले राहत नाहीत, सगळ्या सांगाड्यावर पसरलेले असतात. त्यांना वरच्या ऊर्जापातळीवर चढवायला दृश्य प्रकाशाची ऊर्जा पुरते. निळ्या प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, येऊन धडकला की इलेक्ट्रॉन वर चढतो. थोडी ऊर्जा रेणूच्या थरथरण्यात उष्णता होऊन जाते. मग काही नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे काही अब्जांश भाग, तो वर थांबतो आणि खाली येताना उरलेली ऊर्जा नव्या फोटॉनच्या रूपात सोडतो. मधे थोडी ऊर्जा गेलेली असल्यामुळे हा नवा फोटॉन कमी ऊर्जेचा असतो, म्हणजे जास्त तरंगलांबीचा. निळा प्रकाश आत, हिरवा बाहेर. यालाच फ्लुओरेसन्स किंवा मराठीत प्रतिदीप्ती म्हणतात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनीनच्या द्रावणावर प्रयोग करून हे बारकाईने मांडलं: डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश आत जातो आणि बाहेर निळसर उजेड येतो.

घेतलेल्या आणि दिलेल्या प्रकाशातला हा तरंगलांबीचा फरक छोटा दिसतो, पण सगळा खेळ त्याच्यावर उभा आहे. फ्लुओरेसिन हा जुना आणि अजूनही वापरात असलेला रंगरेणू साधारण ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश घेतो आणि ५१५ नॅनोमीटरच्या आसपास हिरवा सोडतो. सूक्ष्मदर्शकात असे फिल्टर बसवलेले असतात की निळा प्रकाश पेशीपर्यंत पोहोचतो, पण परतताना अडवला जातो. कॅमेऱ्यापर्यंत फक्त हिरवा येतो. त्यामुळे रंगरेणू नसेल तिथे चित्र जवळजवळ काळं राहतं. दिवसाही आकाशात तारे असतातच, पण मागचं आकाश उजळलेलं असल्यामुळे ते दिसत नाहीत. रात्री तेच तारे तेवढ्याच प्रकाशात ठळक होतात. फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाने पेशीसाठी तशी रात्र तयार केली. म्हणूनच मूठभर रेणूंचा, योग्य उपकरण असेल तर एकट्या रेणूचासुद्धा, प्रकाश पकडता येतो.

पण रंग शोषणारा प्रत्येक रेणू चमकतो असं नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलीन आठवा. आम्लारीत ते गडद गुलाबी होतं, म्हणजे प्रकाश जोरात शोषतं, पण चमकत मात्र नाही. आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये फिनॉल्फ्थॅलीन तयार केलं आणि त्याच सुमारास, फिनॉलच्या जागी रिसॉर्सिनॉल घेऊन, फ्लुओरेसिनही. दोघांच्या सांगाड्यात कळीचा फरक एका ऑक्सिजनच्या अणूचा आहे. फ्लुओरेसिनमध्ये हा ऑक्सिजन दोन कड्यांना पुलासारखा जोडतो आणि सांगाडा सपाट, ताठ करून टाकतो. फिनॉल्फ्थॅलीनमध्ये तो पूल नाही. कड्या सैल राहतात, वळतात, हलतात, आणि घेतलेली ऊर्जा त्या हालचालीत संपते. फोटॉन बाहेर पडायची वेळच येत नाही. एका अणूमुळे एक रेणू नुसता रंगीत आणि दुसरा झगझगीत. याची प्रचिती लवकरच आली. १८७७ मध्ये डॅन्यूब नदीचं जमिनीत गडप होणारं पाणी जातं कुठे हे शोधण्यासाठी सुमारे १० किलो फ्लुओरेसिन त्यात ओतलं, आणि साधारण ६० तासांनी दूरच्या आख झऱ्याचं पाणी हिरवं चमकू लागलं.

सैल कड्यांचा हा दोष पुढे उपयोगातही आणला गेला. मुद्दाम सैल ठेवलेले रेणू पातळ द्रवात अंधारे राहतात आणि घट्ट, चिकट जागी, जिथे कड्यांना वळायला वाव नसतो, तिथे उजळतात. पेशीच्या आतला भाग किती दाट आहे हे अशा रेणूंवरून मोजता येतं.

बंद दारातून आत

आता खरी अडचण. पेशीपटल तेलकट असतं. विद्युतभार असलेले, पाण्यात छान विरघळणारे रेणू त्यातून सहज जात नाहीत. फ्लुओरेसिनच्या घराण्यातले बरेच उपयोगी रेणू नेमके असेच आहेत. पूर्वी एकेका पेशीत काचेची अतिबारीक सुई खुपसून रंग भरावा लागायचा. त्यात पेशी बऱ्याचदा मरत, आणि वाचल्या तरी एका वेळी एकच.

रॉजर त्सिएन त्या वेळी केंब्रिजमध्ये होते. त्यांना पेशीतलं कॅल्शियम मोजायचं होतं. कॅल्शियम हे पेशीतलं सर्वांत वर्दळीचं संदेशवाहक म्हणता येईल. विसावलेल्या पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं आणि बाहेर एक-दोन मिलिमोलर, म्हणजे दहा हजार पट किंवा त्याहून जास्त. दार किंचित उघडलं की आतली पातळी झपाट्याने वाढते आणि त्या वाढीवर स्नायू आकसतो, चेतापेशी रसायन सोडते, फलित अंडं विभाजनाच्या वाटेला लागतं. त्सिएन यांनी १९८० मध्ये कॅल्शियम पकडणारा एक चिमटा बनवला. त्याला ऋणभाराचे चार हात होते, आणि त्या चार हातांमुळेच तो पेशीपटलातून जाईना.

१९८१ मध्ये त्यांनी जो तोडगा छापला, तो मला या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी प्रत्येक ऋणभारावर एसिटॉक्सिमिथिल एस्टर नावाची छोटीशी टोपी बसवली. भार झाकला गेला, रेणू तेलकट झाला, आणि पेशीपटलातून आपोआप आत शिरू लागला. आत गेल्यावर पेशीची स्वतःची एस्टरेझ विकरं या टोप्या कापून टाकतात. भार पुन्हा उघडे पडतात, आणि आता रेणूला बाहेर पडता येत नाही. म्हणजे आत शिरण्याची सोय आणि आत अडकण्याची सोय एकाच युक्तीत झाली, आणि कामही पेशीच करते. सुई नको, जखम नको, डिशमधल्या लाखो पेशी एकाच वेळी भरतात. आजही असे रेणू विकत घेताना नावापुढे ए-एम अशी दोन अक्षरं लिहिलेली असतात, ती याच टोप्यांची.

याचा एक आडफायदाही झाला. कॅल्सीन नावाच्या रंगावर अशा टोप्या बसवल्या तर तो अंधारा होतो. टोप्या कापल्या गेल्यावरच चमकतो, आणि टोप्या कापायला विकरं चालू असायला हवीत, आत टिकायला पेशीपटल शाबूत असायला हवं. त्यामुळे जिवंत पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या काळ्या राहतात. जिवंत-मृत मोजणीसाठी ही चाचणी सर्रास वापरतात.

प्रत्येक टोपी कापली जाताना थोडं फॉर्माल्डिहाइड सुटतं, हेही लक्षात ठेवायला हवं. थोड्या मात्रेत पेशी ते निभावते. जास्त उजेड हवा म्हणून कोणी रंगाचा डोस वाढवत गेलं, तर हळूहळू पेशी आजारी पडतात आणि प्रयोग आजारी पेशींचा होतो.

कॅल्शियम उजळताना

या रेणूंचं काम डोळ्यांनी बघायचं तर फ्लुओ-४ घ्यावा. काचेच्या तळाच्या डिशमध्ये मानवी पेशींचा एक पातळ थर वाढलेला असतो. त्यावर टोप्या असलेल्या फ्लुओ-४ चं द्रावण अर्धा तास ठेवायचं, धुवून टाकायचं, आणि टोप्या पूर्ण कापल्या जाव्यात म्हणून आणखी थोडं थांबायचं. मग निळा प्रकाश लावला तर पडद्यावर जवळपास काहीच नाही, पेशींच्या जागी हिरवट छाया तेवढी. आता डिशच्या कडेला हिस्टामिनचा, म्हणजे पेशींना संदेश देणाऱ्या एका रसायनाचा, थेंब सोडायचा. काही सेकंदांत एक पेशी उजळते, मग तिच्या पलीकडची, मग एकदम पाच-सहा. काही पेशींत उजेड एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाताना दिसतो. काहींत तो ओसरतो, पुन्हा येतो, पुन्हा ओसरतो. एकाच डिशमधल्या, एकाच वंशाच्या पेशी एकाच थेंबाला आपापल्या तालात उत्तर देतात. हजारो पेशी वाटून, ढवळून, सरासरी काढली असती तर हा ताल कधीच कळला नसता.

हे होतं कसं? फ्लुओ-४ मध्ये त्सिएन यांचा चिमटा आणि फ्लुओरेसिनच्या जातीची कडी एकमेकांना जोडलेली आहेत. चिमटा रिकामा असताना त्यातल्या नायट्रोजनजवळचा एक इलेक्ट्रॉन शेजारच्या उत्तेजित कडीकडे उडी मारतो आणि फोटॉन सुटण्याआधीच ऊर्जा वाया घालवतो. रेणू अंधारा. चिमट्यात कॅल्शियम आलं की तो इलेक्ट्रॉन कॅल्शियमच्या ओढीत अडकतो, उडी थांबते, आणि रेणू शंभर पटींहून जास्त उजळतो. सगळा प्रयोग त्या अंधारावर उभा आहे. रिकामा चिमटा थोडा जरी जास्त चमकला असता, तरी पेशीच्या एका टोकाकडून दुसरीकडे सरकणारी लाट मागच्या उजेडात बुडाली असती. हीच कल्पना बाकीच्या गोष्टींसाठी वापरून जस्ताचे, नायट्रिक ऑक्साइडचे, सामूचे, कितीतरी विकरांचे शोधक रेणू लोकांनी बनवले आहेत. दर वेळी प्रश्न तोच: अंधार कशाने पाडायचा, आणि हवी ती गोष्ट भेटली की तो कसा उठवायचा.

फ्लुओ-४ चा एक उणेपणा आहे. पेशी जास्त उजळ दिसली म्हणजे कॅल्शियम जास्त की तिथे रंगच जास्त साचलाय, किंवा पेशी तिथे जाड आहे, हे एका रंगावरून ठरत नाही. त्सिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आणलेला फुरा-२ हे सोडवतो. त्याला ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने आलटून पालटून उजळवतात. कॅल्शियम वाढलं की पहिल्याला मिळणारं उत्तर वाढतं, दुसऱ्याचं घटतं. दोन्हींचा भागाकार केला की रंग किती आणि पेशी किती जाड हे दोन्ही छेदून जातं, उरतं ते कॅल्शियम. फक्त यासाठी अतिनीलच्या जवळचा प्रकाश लागतो, आणि पेशीला तो मानवत नाही.

आणखी एक गोष्ट नव्याने हे काम करणाऱ्यांना उशिरा उमगते. चिमटा कॅल्शियम पकडतो म्हणजे पेशीतलं मुक्त कॅल्शियम कमी करतो. रंग फार भरला तर आपण पेशीच्या संदेशांना बोथट करून मग तेच मोजत बसतो. शिवाय पेशी स्वस्थ बसत नाही. परका ऋणभारित रेणू दिसला की तिचे वाहक त्याला बाहेर ढकलू लागतात. म्हणून पुष्कळ प्रयोगांत सोबत प्रोबेनेसिड घालतात. मूळचं हे गाउटवरचं औषध. ते या वाहकांना अडवतं.

पत्ता कसा सापडतो

काही रंगरेणू पेशीत शिरून थेट ठरावीक जागी जाऊन बसतात. त्यांना पत्ता कोणी लिहून दिलेला नसतो; साधी भौतिकी आणि रसायन ते काम करतात.

तंतुकणिकेचं आतलं पटल विजेच्या घटासारखं भारित असतं: आतली बाजू ऋण, साधारण १५० ते १८० मिलिव्होल्ट. टीएमआरएम नावाचा, ऱ्होडामिनच्या (फ्लुओरेसिनच्या जवळच्या नात्यातल्या रंगरेणूंच्या) जातीचा रेणू धनभारित आहे, पण त्याचा भार मोठ्या सांगाड्यावर पसरलेला असल्यामुळे तो पटलातून जाऊ शकतो. ऋण बाजू त्याला ओढते. दर साठेक मिलिव्होल्टला त्याचं प्रमाण दहा पट होतं, म्हणजे १८० मिलिव्होल्टला हजार पट. बाहेर काही नॅनोमोलर रंग ठेवला तरी आत एवढा गोळा होतो की तंतुकणिकांचं लांबट, एकमेकांना जोडलेलं, सतत सरकणारं जाळं लख्ख दिसतं. हा घट रिकामा करणारं रसायन घातलं की काही मिनिटांत रंग बाहेर झिरपतो आणि जाळं मावळतं. अवयव नुसता कुठे आहे एवढंच नव्हे, तर त्याचं यंत्र चालू आहे का, हेही इथे प्रकाश सांगतो.

पण इथेच एक सापळा आहे. रंग जास्त घातला तर तंतुकणिकेत रेणूंची इतकी दाटी होते की ते एकमेकांची ऊर्जा शोषून एकमेकांना विझवतात. मग घट रिकामा झाला की रंग बाहेर येऊन पसरतो, दाटी मोडते, आणि पेशी थोडा वेळ आधीपेक्षा जास्त उजळते! तोच रेणू, तीच घटना, आणि उत्तर बरोब्बर उलटं. किती मात्रा घातली होती हे माहीत नसेल तर या चित्राचा अर्थ लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

लयकारिकांचं, म्हणजे पेशीतला टाकाऊ माल पचवणाऱ्या पिशव्यांचं, गणित वेगळं. त्यांच्या आत आम्ल असतं, सामू ४.५ ते ५. सौम्य आम्लारी जातीचा रेणू भार नसताना आत शिरतो, आम्लात प्रोटॉन पकडून धनभारित होतो आणि अडकतो. केंद्रकासाठी होएख्स्ट ३३३४२ हा निळा रंग डीएनएच्या दुहेरी गोफाच्या अरुंद खाचेत, मुख्यतः ए-टी जोड्या असतील तिथे, जाऊन बसतो. पाण्यात तो मंद असतो, खाचेत घट्ट बसला की कितीतरी पट उजळतो. म्हणजे धुवून टाकायचीही फारशी गरज नाही. फक्त त्याला चमकवायला लागणारा अतिनील प्रकाश थेट डीएनएवर पडतो, त्यामुळे पेशीविभाजन तासन्‌तास पाहायचं असेल तर हा रंग जपून वापरावा.

एका प्रथिनाला हाक मारायची तर

अवयव दाखवणं वेगळं आणि हजारो प्रथिनांतलं नेमकं एक दाखवणं वेगळं. इथे हिरव्या प्रथिनाने क्रांती केली. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये जेलीफिशमधून वेगळं केलेलं हे जीएफपी, मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये दुसऱ्या सजीवांत चमकवून दाखवलं, आणि त्सिएन यांनी त्याला उजळ केलं, नवनवे रंग दिले. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्याची मोठी सोय अशी की त्याचं जनुक हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला जोडता येतं, आणि पेशी स्वतःच चमकतं प्रथिन बनवते.

मग प्रयोगशाळेत बनवलेल्या छोट्या रेणूंची गरज संपली का? उलट वाढली. चमकती प्रथिनं साधारणपणे लवकर विझतात, आणि अगदी लाल टोकाला त्यांची चमक कमी पडते. म्हणून दोन्हींची सांगड घातली गेली. २००३ मध्ये आलेला स्नॅप-टॅग आणि २००८ चा हॅलो-टॅग ही छोटी, न चमकणारी प्रथिनं आहेत. ती जनुकाच्या मार्गाने हव्या त्या प्रथिनाला जोडायची, आणि बाहेरून असा रंगरेणू द्यायचा जो फक्त या टॅगलाच कायमचा चिकटतो. पत्ता जनुकशास्त्राचा, प्रकाश रसायनशास्त्राचा.

पण मग टॅगला न चिकटलेल्या, पेशीत नुसत्याच फिरणाऱ्या रंगाचं काय? तोही चमकला तर चित्र धुरकट. इथे ऱ्होडामिन घराण्याचा एक जुना स्वभाव कामी आला. हे रेणू दोन रूपांत राहतात. एका रूपात मधली कडी मिटलेली असते: रंग नाही, चमक नाही, भार झाकलेला, पेशीपटलातून सहज प्रवास. दुसऱ्या रूपात कडी उघडलेली असते: भारित, रंगीत, तेजस्वी. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या काई जॉन्सन यांच्या गटाने २०१३ मध्ये मांडलेल्या सिलिकॉन-ऱ्होडामिनमध्ये हा तोल फार नेमका साधला गेला. मोकळा असताना, विशेषतः तेलकट जागी किंवा स्वतःच्याच भावंडांशी गुंता करून असताना, तो बहुतांशी मिटलेला राहतो. टॅगच्या पृष्ठभागाला चिकटला की उघडतो आणि उजळतो. शिवाय सांगाड्यातल्या पुलावरच्या ऑक्सिजनच्या जागी सिलिकॉनचा अणू बसवल्याने त्याचा रंग सुमारे १०० नॅनोमीटर लालकडे सरकला. पुढच्याच वर्षी याच रेणूपासून पेशीच्या सांगाड्यातल्या सूक्ष्मनलिका आणि ॲक्टिनचे धागे जिवंतपणी दाखवणारे रंग निघाले.

अणूंची अशी अदलाबदल किती फळते याचं आणखी एक उदाहरण. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात ल्यूक लाव्हिस यांच्या गटाने ऱ्होडामिनच्या नायट्रोजनवरचे दोन सुटे मिथिल गट काढून त्या जागी चार अणूंची छोटी, ताठ कडी बसवली. सुटे गट वळत होते आणि ऊर्जा खात होते. कडी वळू देत नाही. घेतलेल्या दर १०० फोटॉनमागे आधी सुमारे ४१ परत मिळत होते, आता ८८. फिनॉल्फ्थॅलीन आणि फ्लुओरेसिनमधलाच तो धडा, जवळजवळ दीडशे वर्षांनी नव्या जागी लावलेला.

बघण्याची किंमत

प्रत्येक वेळी इलेक्ट्रॉन सरळ खाली येत नाही. अधूनमधून तो एका आडवाटेच्या पातळीत अडकतो आणि तिथे बराच काळ राहतो. त्या अवधीत ऑक्सिजनचा रेणू भेटला तर ऊर्जा त्याला मिळते आणि अतिशय आक्रमक ऑक्सिजन तयार होतो. तो रंगरेणूवर हल्ला करतो, मग रंग कायमचा विझतो. आणि आसपासच्या प्रथिनांवर, मेदांवर, डीएनएवरही करतो, मग पेशी होरपळते. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकात लेझर ज्या बिंदूवर एकवटतो तिथली तीव्रता भर दुपारच्या सूर्यप्रकाशाच्या हजारो ते लाखो पट असते. पेशी अशा उजेडासाठी बनलेल्या नाहीत.

याची लक्षणं सुरुवातीला फसवी असतात. पेशी लगेच मरत नाही. ती विभाजन लांबवते, तंतुकणिकांचं जाळं तुटून ठिपके होतात, कडा आखडतात. हे सगळं औषधाचा परिणाम म्हणून वहीत लिहिलं जाण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे अनुभवी माणूस चित्र देखणं होण्याआधीच लेझर कमी करतो. थोडं दाणेदार चित्र आणि धडधाकट पेशी हा सौदा मला कधीही मान्य आहे. लाल रंगरेणूंकडे ओढा वाढण्याचं एक कारण हेच: लाल प्रकाशाचे फोटॉन कमी ऊर्जेचे असतात, पेशीचे स्वतःचे रेणू त्यांना फारसे शोषत नाहीत, आणि ते ऊतींमध्ये खोलवर जातात.

अंधाराचा सर्वांत धाडसी वापर मात्र अतिसूक्ष्म चित्रणात झाला. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवलं होतं की प्रकाशाने साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत. यावरची एक तोड अशी की सगळे रंगरेणू एकदम चमकूच द्यायचे नाहीत. बहुतेकांना विझवून ठेवायचं, एका क्षणी विखुरलेले थोडेच उजळू द्यायचे, प्रत्येकाचं केंद्र नेमकं मोजायचं, मग पुढचे थोडे. हजारो चौकटींनंतर सगळे बिंदू एकत्र मांडले की मर्यादेच्या कितीतरी पलीकडचा तपशील दिसतो. दुसऱ्या एका पद्धतीत लेझरच्या बिंदूभोवती दुसऱ्या लेझरचं कडं टाकून कडेचे रेणू जबरदस्तीने विझवतात आणि मधला इवलासा भाग तेवढा चमकू देतात. या कामांसाठी एरिक बेटझिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना २०१४ चं नोबेल मिळालं.

हे रेणू शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतही पोहोचले आहेत. मेंदूच्या काही गाठींच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाला ५-एएलए नावाचं द्रव्य पाजतात. गाठीच्या पेशींत त्यापासून साचणारं पोर्फिरिन निळ्या प्रकाशात लाल चमकतं आणि गाठ कुठे संपते हे शल्यविशारदाला कळायला मदत होते. अंडाशयाच्या कर्करोगासाठी फोलेटला जोडलेला असाच एक रंग, पाफोलासियानिन, अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झाला. उती जाड असल्यामुळे इथे लाल आणि त्याही पलीकडच्या अवरक्त प्रकाशाचे रेणू फार महत्त्वाचे ठरतात.

असं चित्र समोर आलं तर

पेशीची रंगीबेरंगी चित्रं आता सगळीकडे दिसतात. ती बघताना दोन गोष्टी माहीत असाव्यात. एक, त्यातले रंग बऱ्याचदा संगणकाने दिलेले असतात. वैज्ञानिक कॅमेरे बहुधा कृष्णधवल असतात. प्रत्येक फिल्टरमागे एक करडं चित्र मिळतं आणि मग त्याला हिरवा, किरमिजी, निळा असा रंग नेमून चित्रं एकावर एक ठेवतात. डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्ताला पिवळा रंग दिलेला असू शकतो. यात लबाडी काही नाही, मात्र चित्राखालच्या ओळीत ते लिहिलेलं असावं.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. पेशी स्वतःही थोडी चमकते. एनएडीएच, फ्लेविन अशी तिची रोजची रसायनं निळसर-हिरवा उजेड देतात, आणि कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवत नेली तर त्या उजेडाचंही झकास चित्र बनतं. म्हणून नेकीने केलेल्या प्रयोगात शेजारी आणखी एक डिश असते: त्याच पेशी, तेवढाच लेझर, तेवढाच वेळ, फक्त रंग घातलेला नाही. तिचं चित्र सहसा कोणी मुखपृष्ठावर छापत नाही, पण लेखात मी आधी तेच शोधतो. ते सापडलं आणि पुरेसं काळं निघालं, की मग रंगीत चित्राकडे वळतो.